डोकं काढलं, डोकेदुखी शेपटीला गेली: घरी बनवलेली हेडलेस गिटार, बरेच महिने वाजवल्यावर

गिटार पूर्ण झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच आलं असतं, कारण स्वतः रंधा मारून स्वतः फ्रेट ठोकून केलेल्या वस्तूतून पहिल्यांदा आवाज निघाला की माणूस काही दिवस हवेतच असतो, त्याला कुठला दोष दिसतच नाही. म्हणून मुद्दाम थांबलो. आता बरेच महिने झालेत, जवळपास रोज हातात असते, तारांचे सेट बदलून झाले, कोरडी हवा दमट हवा दोन्ही झाल्या, तेव्हा आता जे आहे ते सांगतो.

आधी गिटार काय आहे ते. हेडलेस म्हणजे नेकच्या टोकाचं, चाव्या बसवलेलं डोकंच नसलेली गिटार, ही इलेक्ट्रिक आहे. सहा तारा, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी), २४ फ्रेट, मेपलच्या तीन पट्ट्या चिकटवून केलेला नेक, त्यावर रोझवूडचा फिंगरबोर्ड, दोन हंबकर (तारेचा कंप टिपणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप), एक व्हॉल्यूम, एक टोन, तीन पोझिशनचा स्विच. ब्रिज सलग नाही, प्रत्येक तारेला वेगळा तुकडा, त्यातच सॅडल (तार जिथे टेकते तो भाग) आणि त्यातच मागे ट्यूनिंगची घुंडी. नेकच्या दुसऱ्या टोकाला हेडपीस, तिथे तारा फक्त स्क्रूने दाबून धरलेल्या असतात. सगळं मिळून वजन सव्वादोन किलोच्या आसपास.

बरेच जण हेडलेस म्हटलं की आधी विचारतात, आवाज बदलतो का, सस्टेन (स्वर किती वेळ टिकतो) वाढतो का. मला तरी फरक कळत नाही. याच प्रकारचे पिकअप असलेली साधी गिटार शेजारी ठेवून, त्याच ॲम्पला लावून वाजवून बघितली, डोळे मिटून सांग म्हणालात तर मी सांगू शकणार नाही, आणि जे लोक सांगतात त्यांनी एकदा खरंच डोळे मिटून बघावं. आवाजासाठी हेडलेस बनवत असाल तर राहू द्या, तेवढ्या पैशात चांगले पिकअप घ्या.

मग फायदा कशात? तोल. एवढं एकच कारण मला पुरेसं आहे. साध्या गिटारच्या टोकाला लाकडाचा फळा आणि त्यावर सहा धातूच्या चाव्या, आणि ते सगळं वजन मांडीपासून सगळ्यात लांब, म्हणून डावा हात नकळत नेक उचलून धरत असतो. हे साध्या गिटारवर असताना जाणवत नाही, हेडलेस महिनाभर वाजवून परत साधी हातात घेतली की जाणवतं. पट्ट्यावर अडकवून दोन्ही हात सोडले तरी ही जशी आहे तशीच राहते. हेडलेसची मूळ कल्पनाही तिथूनच रुळली, नेड स्टाइनबर्गर हा मुळात फर्निचर डिझाइन करणारा माणूस, १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने डोकं नसलेला बास आणला, कारण बासचा नेक लांब आणि चाव्या जड, त्यामुळे तो खाली झुकण्याचा त्रास बासला सगळ्यात जास्त. त्याचं वाद्य लाकडाचंही नव्हतं, ग्राफाइट आणि रेझिनचं होतं. ॲलन होल्ड्सवर्थसारख्या गिटारवाल्यांनी नंतर हेडलेस गिटार उचलून धरल्या, मध्ये बरीच वर्षं लोक त्याला ऐंशीच्या दशकातली फॅशन म्हणून हसायचे, आणि मग स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गने ती परत आणली. तोही सुरुवातीला छंद म्हणूनच बनवायचा, हे आपल्यासारख्यांना जरा बरं वाटणारं.

आता बनवण्याबद्दल. सगळ्यांचा समज असा की डोकं नाही म्हणजे काम कमी. लाकडाचं काम खरंच कमी होतं, डोक्याला मागे कोन द्यायचा म्हणून नेक तिरका कापून परत चिकटवायची भानगड नाही, चाव्यांची भोकं नाहीत, लाकूड आखूड लागतं, नेक एका सरळ पट्टीतून निघतो. फ्रेटची मापं तर सगळ्या गिटारना सारखीच, स्केलला १७.८१७ ने भागायचं, ६४८ ला पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर येतो, उरलेल्या लांबीला परत तेवढ्यानेच भागायचं, बारावा बरोबर ३२४ वर पडला पाहिजे, पडला की हिशोब बरोबर. पण जे काम डोक्याकडून वाचलं ते सगळं शेपटीला जाऊन बसतं, आणि ते लाकडाचं नसून धातूचं आहे, म्हणजे तिथे पॉलिश पेपरने सावरून घेता येत नाही.

हेडपीसचंच बघा. १० ते ४६ जाडीचा (इंचाचे हजारावे भाग) साधा सेट नेहमीच्या ट्यूनिंगला लावला की सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या वर जातो. साध्या गिटारला तो ताण सहा चाव्यांत वाटला जातो, इथे तो सगळा दोन स्क्रूंवर येतो, आणि ते स्क्रू नेकच्या अगदी टोकाला, जिथे झिरो फ्रेटच्या (पहिल्या फ्रेटच्याही आधी, मोकळी तार टेकते त्या फ्रेटच्या) पुढे जेमतेम अडीच सेंटिमीटर लाकूड असतं आणि मधोमध ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याची) खाच. त्यामुळे ट्रस रॉडची ॲडजस्टमेंट बॉडीच्या बाजूला ठेवा, चाकासारखा नट येतो तो घ्या, म्हणजे खाच टोकापर्यंत न्यावी लागत नाही आणि स्क्रूंना भरीव लाकूड मिळतं. आणि लाकडी स्क्रू थेट न मारता पितळी इन्सर्ट बसवून त्यात मशीन स्क्रू घाला. माझा हेडपीस इतक्या महिन्यांत केसभरही सरकलेला नाही, मागे पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली होती ती अजून तशीच कडेला चिकटून दिसते.

झिरो फ्रेट मी घातला आणि परत बनवली तरी घालणार. मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज एकाच जातीचा येतो, नटच्या (साध्या गिटारवर डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कानसत बसायला नको. फक्त तार झिरो फ्रेटवरून हेडपीसमध्ये जाताना थोडी खाली वाकली पाहिजे, सरळ गेली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. बाजारात मिळणारे काही हेडपीस इतके उंच असतात की हा उतार मिळतच नाही, तेव्हा बसवायची जागा एक-दीड मिमी खोल करून घ्यावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हमने, म्हणजे त्या घूंऽऽ आवाजाने. साध्या गिटारला ब्रिजखाली एक वायर सोडली की सगळ्या तारा ग्राउंड होतात आणि हम दबतो. इथे सहा वेगवेगळे तुकडे, लाकडावर बसलेले, एकमेकांशी संबंध नाही. त्यावर उपाय सगळे सांगतात तोच, सहाही तुकड्यांखाली तांब्याची चिकटपट्टी टाकायची आणि तिला वायर सोल्डर करायची. केलं, तरी हम तसाच. मल्टिमीटर लावला तर पट्टीपासून तारेपर्यंत कंटिन्युइटीच नाही, म्हणजे वीज पोचतच नाही. कारण हे तुकडे ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचे, तो काळा थर दिसायला रंगासारखा असला तरी ती ॲल्युमिनियमची ऑक्साइड असते आणि ती वीज नेत नाही. प्रत्येक तुकड्याच्या पोटाला बारीक कानशीने नखाएवढी जागा खरवडून पांढरी चकचकीत केली, सॅडल जिथे टेकते तिथेही केली, परत बसवले आणि मीटर टुंई वाजला. आता तारांना हात लावला की ॲम्प गप्प. काळं हार्डवेअर घेणाऱ्या प्रत्येकाने हे बसवायच्या आधीच करून टाकावं, नंतर तारा काढून करणं फार कटकटीचं आहे.

ट्यूनिंग. इथे गिटारने मला खरंच खूश केलंय. चावीवर तारेचे वेढे नाहीत, नटच्या खाचेत तार अडकत नाही, त्यामुळे कितीही बेंड मारा (तार बोटाने बाजूला ओढा), तार जिथे होती तिथे परत येते. हवा बदलली की नेक हलतो आणि स्वर सरकतो, ते लाकूड आहे, सरकणारच, पण सहाही तारा साधारण एकाच दिशेला थोड्या थोड्या सरकतात, म्हणजे एकटं वाजवत बसलो असू तर कळतही नाही. दमट दिवसांत नेक पुढे वाकला, रिलीफ (नेकचा हलका पुढचा बाक) वाढला, ट्रस रॉड जरासा आवळला आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिमीवर आणून ठेवला, बस.

घुंड्यांचं मात्र सवयीने जमतं. त्यांच्या स्क्रूचे आटे बारीक असतात, माझ्यात एम४ आहे, म्हणजे एका फिरकीला ०.७ मिमी. आता गंमत अशी की जाड सहावी तार पूर्ण ताणायला लांबीत दीड-पावणेदोन मिमीच खेचावी लागते आणि बारीक पहिली मात्र साडेचार-पाच मिमी, म्हणून पहिली तार चढवताना घुंडी फिरवत बसायचं आणि सहावीला जरा बोट लागलं की स्वर उडी मारतो. ड्रॉप डी (सहावी तार एक पूर्ण स्वर खाली) करायला अर्ध्या फिरकीच्या आतच काम होतं. वाजवता वाजवता ट्यूनिंग बदलणाऱ्यांना हे आवडेल. पण तारांमधलं अंतर साडेदहा मिमी आणि घुंड्या जवळपास एकमेकींना चिकटलेल्या, जाड बोटांच्या माणसाने आधी कुणाची तरी हातात घेऊन बघावी. ताणाखाली घुंडी जड जाते, आट्यांना थोडं ग्रीस लावल्यावर पुष्कळ फरक पडला.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर अचूक लागावा म्हणून सॅडल मागेपुढे करणं, हा या प्रकारच्या स्वस्त ब्रिजचा खरा दोष, आणि तो मला अजून पटलेला नाही. साध्या ब्रिजला मागून स्क्रू फिरवला की सॅडल मागेपुढे होते. इथे तार सैल करायची, सॅडलचा स्क्रू सैल करायचा, अंदाजाने हाताने सरकवायची, स्क्रू आवळायचा, ट्यून करायचं, बाराव्या फ्रेटवर तपासायचं, चुकलं की परत पहिल्यापासून. सहा तारा. अख्खी संध्याकाळ गेली असं समजा. एकदा लागलं की तारांची जाडी बदलेपर्यंत बघावं लागत नाही हे खरं, पण तरी.

तारा बदलताना दोन्ही टोकांना गोळी असलेल्याच तारा लागतात असं बरेच जण समजतात, तसं सगळ्या हार्डवेअरला नाही. माझ्यात साध्याच तारा चालतात, गोळी शेपटीत, मोकळं टोक हेडपीसमध्ये. फक्त घुंडी आधी पूर्ण सैल करून सरकता भाग पुढे आणायचा, मग पक्कडीने तार हेडपीसच्या पलीकडून घट्ट ओढून धरायची आणि तशीच धरून स्क्रू आवळायचा, नाहीतर घुंडीची सगळी धाव संपते आणि तार अजून खालच्याच स्वरावर असते. गुंडाळीच्या जाड तारा आवळायच्या आधी कापू नयेत, वरची गुंडाळी आतल्या तारेवर सैल होते आणि तार मेल्यासारखी वाजते. पहिली तार एक-दोनदा स्क्रूपाशीच तुटली, स्क्रूच्या टोकाची धार तिला चावते. टोक कानशीने जरा गोल केलं, तेव्हापासून नाही तुटली.

रोजच्या वापरातल्या बारीक गोष्टी आहेत, ज्या विकत घेतानाही कुणी सांगत नाही. भिंतीवरचा नेहमीचा हँगर निकामी, अडकायला डोकंच नाही. जमिनीवर टेकवून सोफ्याला लावून ठेवायची सवय सोडा, ती घुंड्यांवर उभी राहते आणि वर अडायला काही नसल्याने हळूच घसरत जाते. बॉडीच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी लाकूड घुंड्यांपेक्षा पुढे येईल असं कापलं असेल तर निदान घुंड्या वाचतात, आकार काढतानाच हा विचार करा. क्लिपवाला ट्यूनर हेडपीसवर नीट बसत नाही, मी पेडल ट्यूनर वापरतो. उलट प्रवासात मजा, पिशवी इतकी आखूड होते की बरोबरच्या माणसाला आत गिटार आहे असं वाटतच नाही. सुरुवातीचे काही दिवस पहिल्या पोझिशनला हात नेकच्या बाहेर जायचा, नजरेला डोक्याची खूण नसते म्हणून, ते आपोआप गेलं.

कुणी बनवावी? ज्याने आधी एखादा नेक फ्रेटसकट केलाय त्याने बिनधास्त. पहिलीच गिटार असेल तर मी साधीच सांगेन, कारण हेडलेसमध्ये हार्डवेअर जसं मिळेल तशी गिटार होते. पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा, बॉडीला कुठलंही वाळलेलं हलकं लाकूड चालतं. हार्डवेअरमध्ये कंजूषी केली तर घुंडी आवळताना सॅडलच वाकडी होताना बघावी लागते, ओळखीच्या एकाकडे तसला सेट आहे आणि तो बिचारा अर्ध्या गाण्यात ट्यून करत असतो.

आणि हेडपीसचे ते बारीक स्क्रू जास्तीचे आणून ठेवा. त्यांचा षटकोनी खड्डा प्रत्येक तारबदलीला थोडा थोडा गोल होतो, मग ॲलन की नुसती फिरते आणि तार ना आवळता येते ना काढता. मी दर दुसऱ्या सेटला सहाही बदलून टाकतो, आणि ॲलन की पिशवीच्या चेनला दोऱ्याने बांधून ठेवलीय.