गाई वळणारा ‘तयार’ कुत्रा: आम्हाला कसं गंडवलं

गुरं वळण्यासाठी शिकवलेला कुत्रा विकत घेताना आम्हाला कसं फसवलं, ते सगळं इथे लिहिते आहे. विकणाऱ्याचं नाव देत नाही. अशी माणसं नाव बदलून पुन्हा धंद्याला लागतात, पण फसवण्याची रीत तीच राहते, आणि ती कळलेली बरी. हा माणूस काही अडाणी नव्हता. कुत्रं, गुरं आणि घेणाऱ्याची नड, तिन्ही त्याला नीट ठाऊक होतं.

आमच्या गाई वासरांसकट मोकळ्या रानात चरतात. लस टोचायची, कानात बिल्ले मारायचे, वासरं दुधापासून तोडायची, अशा प्रत्येक कामाला त्यांना गोळा करून वाड्यात आणावं लागतं. बाबांचे गुडघे गेले, भाऊ नोकरीला लागला, आणि गाईंच्या ते लगेच लक्षात आलं. फाटकापर्यंत येऊन मागे फिरायचं, हा त्यांचा खेळच झाला होता. चांगला कुत्रा अशा वेळी दोन-तीन माणसांचं काम एकटा करतो. पण पिल्लू आणून शिकवायचं म्हणजे दोन वर्षं जातात, आणि शिकवणाराही हाडाचा लागतो. म्हणून तयार कुत्राच घ्यायचा, असं ठरलं.

या माणसाचे व्हिडिओ आम्ही आधीपासून बघत होतो. बॉर्डर कॉली या मेंढ्या वळणाऱ्या जातीचा काळापांढरा कुत्रा, तीन वर्षांचा, ‘गाईंवर पूर्ण तयार’, आणि वर ‘थेट ओल्ड हेंपच्या रक्ताचा’. या शेवटच्या वाक्यावर बाबा भुलले. ओल्ड हेंप हा १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये जन्मलेला कुत्रा. गुरगुर न करता, नुसत्या नजरेच्या धाकावर मेंढ्या हलवणारा. आजचे जवळपास सगळे बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातले मानले जातात. म्हणजे दावा खरा होता आणि पूर्ण निरुपयोगी होता. गल्लीत चेंडूमागे पळणारा बॉर्डर कॉलीही त्याच रक्ताचा असतो. मुळात हेंप मेंढ्यांवरचा. आजही या जातीचे कितीतरी कुत्रे मेंढ्यांवर सोन्यासारखे चालतात आणि गाईने डोकं खाली घातलं की काढता पाय घेतात. ऑस्ट्रेलियात गाईगुरांसाठी हीलर ही वेगळी जात तयार झाली, ती काही उगाच नाही.

प्रत्यक्ष बघायला बोलावलं तेव्हा त्याने खूप अगत्य केलं. कुंपणाच्या आत दहा-बारा तोडलेली वासरं उभी होती. त्याने शीळ घातली, कुत्रा डावीकडून मोठा वळसा घेऊन वासरांच्या मागे गेला, वासरं एकगठ्ठा झाली आणि सरळ वाड्यात शिरली. ‘लाय डाउन’ म्हणताच कुत्रा बसला. मग बाबांच्या हातात शिट्टी देऊन तो म्हणाला, “काका, आता तुम्ही करा.” बाबांनी शिट्टी फुंकली, पुन्हा तेच घडलं. बाबांचा चेहरा बघूनच त्याने किंमत कमी करायची नाही, असं ठरवलं असणार.

पैसे दिले. नोंदणीचा कागद, डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीचा अहवाल, लसीचं कार्ड, असं सगळं एका पिशवीत मिळालं. मालकी बदलल्याची नोंद मात्र “मी करून पाठवतो” यावर राहिली. पसंत नाही पडला तर महिन्याभरात परत घेईन, हेही त्याने तोंडीच सांगितलं.

घरी आल्यावर आठवडाभर कुत्र्याला रुळू दिलं. मग गाईंवर सोडला. तो सुसाट गेला, कळपाच्या मधून घुसला, गाई चौफेर उधळल्या. बसायची हाक दिली, तर त्याने ऐकल्याची खूणही दिली नाही. आमची एक लाल गाय आहे, कळपाची पुढारीण. ती वासराला मागे घेऊन उभी राहिली आणि तिने फक्त मान खाली केली. कुत्रा तिथून वळला तो थेट ट्रॅक्टरखाली जाऊन बसला.

आम्ही फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “ताई, नवं घर आहे, नवा मालक आहे. त्याला तुमचा आवाज ओळखीचा व्हायला हवा.” पुढच्या फोनवर म्हणाला, “तुमची शीळ चुकतेय.” त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, “तुम्ही उभे कुठे राहता त्याचा व्हिडिओ पाठवा.” आम्ही पाठवला, त्याने दोन चुका काढल्या, आम्ही सुधारल्या. असं करत महिना उलटला. मग फोन उचलणं कमी झालं आणि शेवटी एक निरोप आला की कुत्रा उत्तम होता, तुम्ही बिघडवला.

या फसवणुकीची खरी मेख इथे आहे. तो सांगत होता त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. शिकवलेला कुत्रा नव्या मालकाकडे गेला की काही आठवडे बावरतोच. शिळेचा सूर बदलला की गोंधळतो. हाताळणाराच नवशिका असेल तर चांगला कुत्राही हाताबाहेर जातो. प्रामाणिक विक्रेताही घेणाऱ्याला हेच सांगतो. लबाड माणूस त्याच खऱ्या गोष्टींच्या आडोशाला उभा राहतो, आणि घेणारा आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून मुदत संपेपर्यंत शिट्टी फुंकत बसतो.

आमचे डोळे उघडले ते एका म्हाताऱ्या काकांमुळे. उभी हयात त्यांनी कुत्र्यांसोबत गुरं वळण्यात घालवली. ते आपली एक कुत्री घेऊन आले. आधी आमचा कुत्रा त्यांनी स्वतः हाताळून पाहिला. सुरुवातीला मारक्या गाई नाहीत, नुसत्या कालवडी होत्या, जागाही छोटी, म्हणजे कुत्र्याला पुरेपूर संधी दिली. ते म्हणाले, “अंगात मुरलेला हुकूम नव्या घरी विसरत नाही. उशिरा ऐकेल, कुरकुरत ऐकेल, पण ‘बस’ म्हटलं की कुठेतरी अंग खाली जाईलच. याला ‘बस’ ठाऊकच नाही.” मग त्यांनी शेपटीकडे बोट दाखवलं. कामात गढलेल्या कॉलीची शेपूट खाली, मागच्या पायांशी लागून असते. आमच्या कुत्र्याची झेंड्यासारखी वर होती. तो खेळत होता.

त्यानंतर त्यांनी आपली कुत्री लाल गाईवर सोडली. कुत्री पळाली नाही. मान खांद्याच्या रेषेत ठेवून एकेक पाऊल टाकत आली. गाईने डोकं खाली घातलं, तशी ती थांबली, पण मागे सरली नाही. गाय अंगावर आली, तेव्हा नाकाच्या शेंड्याला एकदाच चटकन दात लावून पुन्हा जिथल्या तिथे उभी राहिली. गाईने तोंड फिरवलं, त्याच क्षणी कुत्रीने दोन पावलं माघार घेतली. ते दोन पावलांचं मागे येणं मला चाव्यापेक्षा मोठं वाटतं. गाय वळली की दाब सुटतो, हे गाईला कळलं, आणि पुढच्या खेपेला तिने नुसती कुत्री बघूनच वाट धरली.

मग काकांनी विक्रेत्याचे व्हिडिओ बघायला मागितले. आवाज बंद केला आणि म्हणाले, “कुत्र्याकडे बघू नका. वासरांकडे बघा.”

वासरांचे कान कुत्र्याकडे नव्हतेच, वाड्याकडे होते. कुत्रा अजून अर्ध्या वळशात असताना पुढचं वासरू चालू लागलं होतं. कुठल्याही गाईगुराच्या खांद्यापाशी एक रेषा धरतात: त्या रेषेच्या मागून कुणी जवळ आलं की जनावर पुढे सरतं, पुढून आलं की थबकतं किंवा उलटं फिरतं. व्हिडिओत एका ठिकाणी कुत्रा वासरांच्या खांद्याच्या चांगलाच पुढे, बाजूला उभा होता, तरी वासरं बिनदिक्कत पुढे चालत होती. त्यांना कुत्रा हाकत नव्हताच. आत खुराक होता, आणि शीळ वाजली की खुराक मिळतो हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बाबांनी शिट्टी फुंकल्यावर वासरं का चालली, तेही मग कळलं. शिकवलेली वासरं होती, कुत्रा नव्हे!

पुढे आवाज चालू करून पाहिलं. ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा, ‘अवे’ म्हणजे उलट दिशेने. व्हिडिओत कुत्रा आधी वळत होता आणि हुकूम त्यानंतर येत होता. कुत्रा जे करील त्याला हा माणूस नाव देत होता. बसायच्या हुकमाचं गुपितही तसंच: वासरं वाड्यात शिरून कुंपण आडवं आलं की बहुतेक कुत्रे आपोआप थबकतात किंवा बसतात. खरा कस लागतो तो चालू कामात, गुरं पळत असताना, लांबून थांबवण्यात. तसं एकही दृश्य नव्हतं. एका सलग वाटणाऱ्या व्हिडिओत तर खांबाची सावली मध्येच एकदम लांब झाली होती.

कागदांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असते, ती पशुवैद्यांनी यंत्राने वाचली. पंधरा आकडी क्रमांक आला. नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक वेगळा निघाला. चाचणीच्या अहवालावर तर चिपचा क्रमांकच नव्हता, नुसतं कुत्र्याचं नाव, आणि नाव काय, कुणालाही ठेवता येतं. नोंदणी करणाऱ्या संस्थेला विचारल्यावर कळलं की तो कागद एका भलत्याच कुत्र्याचा आहे आणि त्या कुत्र्याचा मालकही भलताच आहे. त्या बिचाऱ्याला आपला कागद असा फिरतोय याचा पत्ताही नव्हता. आणि दातांवरून वय तीन नव्हे, त्याच्या दुप्पट तरी असेल, असा पशुवैद्यांचा अंदाज.

आम्ही तक्रार केली आहे. तोंडी हमीचा काही पुरावा नाही, पण खोटा कागद हातात आहे, त्यावर प्रकरण उभं आहे. पैसे परत मिळतील असं मी धरून चाललेले नाही.

सध्या कुणी असा कुत्रा बघायला जाणार असेल, तर काकांनी आम्हाला सांगितलेलं सांगते. विक्रेत्याची गुरं त्याच्या कुत्र्याला सरावलेली असतात, त्यात लबाडी नसतेही. सरावलेली गुरं कुठल्याही कुत्र्यापुढे शहाण्यासारखी चालतात. म्हणून कुत्र्याची परीक्षा त्याने कधी न पाहिलेल्या गुरांवर घ्यायला सांगायची, शेजारच्या कुणाची चालतील. वाड्याकडे आणायला सांगू नका, वाड्यातून बाहेर काढून लांब न्यायला सांगा. खुराक सोडून उलट दिशेला जायला कुठलंही वासरू आपण होऊन तयार होत नाही. काम अर्ध्यावर असताना थांबवायला सांगा, आणि थांबवून परत बोलावायला सांगा. अंगावर येणाऱ्या गाईपुढे उभा करायला सांगा, मात्र नुकत्याच व्यालेल्या गाईवर सोडा असा हट्ट धरू नका. वासरासाठी ती गाय कुत्र्याला जिवानिशी मारू शकते, आणि चांगला विक्रेता त्याला नाहीच म्हणेल. त्या नकारावरून उलट त्याच्याविषयी विश्वास वाटायला हरकत नाही. बाकीच्या गोष्टींना जो “आज गरम आहे”, “कुत्रा कालच दमलाय” म्हणून टाळतो, त्याला दुसरा दिवस विचारायचा. दुसऱ्या दिवशीही कारण निघालं तर आपली गाडी वळवायची.

चिप पैसे देण्याआधी वाचून घ्यायची, नंतर नाही. वाचणारं यंत्र पशुवैद्यांकडे मिळतं. मालकीची नोंद तुमच्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. परतीची मुदत लेखी हवी, आणि तिच्यात ‘कुत्रा पसंत न पडल्यास’ असं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या हुकमाला काय करेल, कसल्या गुरांवर, किती लांबून, ते लिहून घ्यायचं. म्हणजे “तुमची शीळ चुकतेय” हे उत्तर द्यायला जागा राहत नाही. आणि मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात एखाद्या तिऱ्हाईत जाणकाराला बोलावून कुत्रा दाखवायचा. महिना संपत आल्यावर बोलावून उपयोग नसतो.

कुत्र्याचं काय केलं, असं सगळेच विचारतात. तो आमच्याकडेच आहे. गाईंच्या वाटेला त्याला आम्ही पाठवत नाही. काकांच्या कुत्रीचं एक पिल्लू सांगून ठेवलंय. ते आल्यावर पुन्हा दोन वर्षं धरायची.