गाडी मित्राकडे, पॉलिसी कुणाकडे? पॅकेज पॉलिसी वर्षभर वापरल्यावर

ओडी (स्वतःच्या गाडीचं नुकसान) म्हणजे काय, थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान) म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. ते सोडून देतो. खाजगी गाडी मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या हातात असताना पॅकेज पॉलिसी, म्हणजे हे दोन्ही एकत्र असलेला विमा, कशी वागते, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. वापर वर्षभराचा, मधे एक बंपरचा क्लेम, आणि आता रिन्यूअल तोंडावर.

आधी चांगलं. ‘मालकाशिवाय कुणी चालवली तर क्लेम मिळत नाही’ ही सोसायटीच्या पार्किंगमधली ठाम समजूत चुकीची आहे. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, ड्रायव्हर्स क्लॉज असतो. त्यात मालकासह कोणीही गाडी चालवू शकतो. अट इतकीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. नातं विचारत नाहीत, आधी नाव नोंदवावं लागत नाही. शिकाऊ लायसन्सवालाही चालतो, पण मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा: शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, आणि पुढे-मागे ‘एल’ची पाटी. पाटी नसली तर सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा) ते लिहून घेतो.

सगळा डोलारा ‘वैध’ या शब्दावर उभा आहे, आणि तिथेच लोक फसतात. लायसन्स आहे, पण फक्त दुचाकीचं. लायसन्स आहे, पण मुदत संपून दहा दिवस झालेत. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आता रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, त्यामुळे विसरलो ही सबब कुणी ऐकत नाही. किल्ली देण्याआधी परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकावी. तीन गोष्टी बघायच्या: एलएमव्ही (हलकी मोटार) वर्ग आहे का, नॉन-ट्रान्सपोर्टची (खाजगी वाहनाची) मुदत कधीपर्यंत, आणि लायसन्स निलंबित तर नाही ना. दोन मिनिटांचं काम आहे. कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून समाधान मानू नये; निलंबन कार्डावर छापलेलं नसतं.

लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर स्वतःच्या गाडीचा खर्च बुडतोच. रस्त्यावरच्या जखमी माणसाला कोर्ट बहुतेक वेळा आधी विमा कंपनीकडूनच पैसे द्यायला लावतं, आणि कंपनी ते मालकाकडून वसूल करते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १८० खाली मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ: पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. दहावीतल्या भाच्याला ‘कॉलनीतल्या कॉलनीत’ गाडी देणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

भाड्याचा मुद्दा थोडक्यात. पेट्रोल भरून गाडी परत आणणं वेगळं. किलोमीटरमागे पैसे ठरले की खाजगी पॉलिसीच्या वापर-मर्यादेबाहेर गेलात.

आता एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस: क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट. चूक मित्राची, बोनस मालकाचा जातो. एनसीबीला चालक कोण याच्याशी देणंघेणं नाही. क्लेम झाला की एनसीबी शून्य. आकडे घालून बघा. ओडीचा मूळ प्रीमियम १४,००० धरा, जीएसटी वेगळा. ५० टक्के एनसीबीवर ७,००० भरायचे. क्लेमनंतर पहिल्या वर्षी १४,०००, मग २०, २५, ३५, ४५ टक्क्यांच्या पायऱ्या चढत ११,२००, १०,५००, ९,१००, ७,७००. पाच वर्षांत जास्तीचे गेले १७,५००, म्हणजे मूळ प्रीमियमच्या सव्वापट. दरवर्षी आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत) घटते म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, पण अंदाजाला सव्वापट पुरते.

समोर बिल ठेवा: बंपर ८,०००, हेडलॅम्प ६,०००, रंगकाम ६,०००, मजुरी ३,०००. एकूण २३,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के कपात, म्हणजे बंपर आणि हेडलॅम्पचे मिळून ७,०००. रंगाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ७५०. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. हातात १४,२५०, आणि त्यासाठी गमावले १७,५००. असलं बिल गाडी नेणाऱ्याने निमूट भरावं आणि क्लेम टाकूच नये. एनसीबी प्रोटेक्शन (क्लेमनंतरही बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर गणित बदलतं; वर्षात किती क्लेम चालतात ते मात्र त्या अॅड-ऑनच्या अटीत बघावं.

क्लेम टाकायचाच असेल तर फॉर्मवर चालकाचं खरं नाव लिहा. गॅरेजमधला सल्लागार हमखास सांगतो, ‘साहेब, तुम्हीच चालवत होता असं टाका, कटकट नको.’ यासारखा घातक सल्ला नाही. वैध लायसन्सवाला मित्र चालवत होता, तर क्लेम तसाही मिळणारच होता. खोटं नाव टाकून मिळणारा क्लेम नाकारायचं कारण आपणच कंपनीच्या हाती देतो. दवाखान्याचा कागद, एफआयआर, सीसीटीव्ही यांतलं एक जरी फॉर्मशी जुळलं नाही तरी चौकशी लागते.

इथवर लिहून एनसीबी हाच मोठा दोष ठरवला होता. शेड्यूलमधली पीएची (वैयक्तिक अपघात कव्हरची) ओळ नीट वाचल्यावर मत बदललं. एनसीबीत पैसे जातात, ते परत कमावता येतात.

ती ओळ अशी: ओनर-ड्रायव्हर, १५ लाख. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने रक्कम १५ लाख केली आणि सगळे निर्धास्त झाले. पण हे कव्हर आरसीवर आणि पॉलिसीवर नाव असलेल्या, स्वतःचं वैध लायसन्स असलेल्या मालकाचं आहे. तो स्वतः चालवत असेल, गाडीत चढत-उतरत असेल किंवा सहचालक म्हणून बसला असेल, तरच. गाडी घेऊन गेलेला मित्र दुभाजकावर आदळला तर त्याच्यासाठी या ओळीत एक रुपया नाही. बरं, थर्ड पार्टीतून मिळेल म्हणावं, तर तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हेच धरलं: मालकाची गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्याच गाडीच्या विम्यावर तो तिऱ्हाईत म्हणून दावा करू शकत नाही. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या विम्याकडे जाता येतं. एकट्याच्याच चुकीने झालं तर दार बंद. मागच्या सीटवरचे प्रवासी पॅकेज पॉलिसीत थर्ड पार्टी म्हणून धरले जातात, रस्त्यावरचा अनोळखी माणूस धरला जातो. उघडा पडतो तो फक्त स्टिअरिंगवरचा.

‘पगारी ड्रायव्हरसाठी ५० रुपये भरलेत’ हे उत्तर इथे चालत नाही. ते आयएमटी २८ (आयएमटी म्हणजे पॉलिसीला जोडायची ठरावीक क्रमांकांची कलमं), पगारावरच्या ड्रायव्हरसाठी. मेव्हणा पगारावर नसतो. अनामिक प्रवाशांचं आयएमटी १६ प्रवाशांसाठी आहे, त्याच्यावर चालकाची भिस्त ठेवू नये. कामाचं आहे आयएमटी १५: नाव देऊन पीए, माणशी दोन लाखांपर्यंत. प्रपोजलच्या वेळी मागावं लागतं, एजंट आपणहून सांगत नाही.

गाडी ठरावीक दोघातिघांकडेच जात असेल तर त्यांची नावं आयएमटी १५ खाली टाकावीत. सतत कुणाकुणाची गाडी मागून नेणाऱ्याने मात्र स्वतःची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती माणसाबरोबर फिरते, गाडी कुणाची का असेना. मालकाकडे तशी १५ लाखांची पॉलिसी असेल तर मोटार पॉलिसीतलं सक्तीचं पीए वगळता येतं आणि तेवढा प्रीमियम वाचतो. या रिन्यूअलला ते पीए वगळलं आहे, आणि प्रपोजलवर आयएमटी १५ खाली दोन नावं घातली आहेत.