धनुष्याची मूठ: मनगट उंच की खाली?

पारंपरिक धनुष्य धरताना मनगट उंच ठेवल्यास पंजाची वरची बाजू आणि मनगट जवळजवळ एका रेषेत येतात व सारा दाब अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात एकवटतो. मुठीला तळहाताचा स्पर्श कमी होत असल्याने धनुष्य डावी-उजवीकडे पिळले जाण्याची शक्यताही घटते. मात्र मनगट स्थिर ठेवण्याचे काम स्नायूंवर पडते आणि जड धनुष्य ओढताना थकवा आला, की मनगट नकळत खाली बसू लागते.

मनगट खाली ठेवले, तर भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर येऊन तिथून थेट हाडांवर जातो; त्यामुळे सरळ मुठीच्या आणि जास्त ताणाच्या लाँगबोला (लांब, जवळजवळ सरळ दांड्याच्या धनुष्याला) मला हीच पकड योग्य वाटते. अट एवढीच, की मूठ तळहातावरच्या आयुष्यरेषेपलीकडे सरकू नये. सरकली, तर धनुष्य पिळते आणि दोरीचा फटका कोपराखाली बसतो. मुठीचा गळा खोल, म्हणजे आत गेलेला असलेल्या रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर) उंच मनगट आपसूक जमते.

पकड बदलली, की दाबाचा बिंदूही वर-खाली होतो, म्हणून दोरीवर बाण अडकवण्याची जागा पुन्हा तपासावी लागते. एकाच सरावात दोन्ही पकडींची सरमिसळ झाली, तर बाण लक्ष्यावर उभ्या रेषेत विखुरतात.