एचपीचा 460 वॅटचा जुना सर्व्हर पॉवर सप्लाय: माल कडक, पण आधी घरचं अर्थिंग बघा

प्रोलायंट जी6, जी7 सर्व्हरमध्ये यायचा तो लांबट पट्टीसारखा कॉमन स्लॉट (एचपीच्या वेगवेगळ्या सर्व्हरना चालणारा एकाच मापाचा) डबा, सेकंडहँड घेतला. लेबलवर 12 व्होल्ट 38 अँपिअर लिहिलंय आणि भो, खरंच देतो. गाडीचे हॅलोजन बल्ब एकामागून एक जोडत गेलो तरी मीटर 12 च्या खाली यायला तयार नाही. बाजारातला जाळीच्या डब्याचा बिननावाचा एसएमपीएस (मेनवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय) एवढ्यात मान टाकतो.

नुसती मेनची पिन लावून मात्र चालू होत नाही, मागच्या एज कनेक्टरवरच्या बारक्या सिग्नल पिना जोडाव्या लागतात आणि कोणत्या ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून सरळ ब्रेकआउट बोर्ड (त्या कनेक्टरवर बसणारा, वायरी जोडायला टर्मिनल असलेला तयार बोर्ड) घ्या. डायरेक्ट सोल्डरिंग करायला गेलात तर त्या जाड तांब्याच्या पट्ट्या सगळी उष्णता ओढून घेतात, 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टिन वितळतच नाही नीट.

आता मेन गोष्ट. याचं आउटपुटचं निगेटिव्ह आतून बॉडीला म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. आपल्याकडे गावात, शेतातल्या खोलीत तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थची वायर कुठेच गेलेली नसते. मग मेनच्या इनपुटवरच्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे बॉडीवर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं, तेच निगेटिव्हवर येतं, तेच तुमच्या आर्डुइनोवर (प्रोजेक्टच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर) आणि यूएसबीतून लॅपटॉपवर. हात लावला की झिणझिण्या, टेस्टर लावला तर लुकलुकतो. करंट किरकोळ असतो हे खरं, पण आत काही बिघडलं तर वाचवायला फक्त ते अर्थिंगच असतं. तेव्हा आधी खड्डा, मीठ-कोळसा, पट्टी, मग प्रोजेक्ट. आणि डबा उघडायची खाज असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 400 च्या घरात डीसी असतो, पिन काढल्यावरही काही वेळ राहतो.

निगेटिव्ह अर्थला जोडलेलं असतं म्हणूनच दोन डबे सिरीजमध्ये लावून 24 व्होल्ट काढायला जाऊ नका, पहिल्याचं प्लस अर्थमधून थेट शॉर्ट होतं. त्यासाठी अर्थची पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार.

पंखा बारका आणि कर्कश, रात्री घरचे शिव्या घालतात. पण त्याचा स्पीड कमी करायचा जुगाड करू नका, भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात 45 डिग्रीला तो आहे तसाच बरा.

एलईडी पट्ट्या, कारचा अ‍ॅम्प्लिफायर, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा चार्जर, बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं) लावून टेबलावरचा बेंच सप्लाय, सगळ्याला मस्त. फवारणी पंपाची 12 वाली लेड अ‍ॅसिड बॅटरी मात्र डायरेक्ट लावून फुल होणार नाही, तिला 14 च्या वर व्होल्टेज लागतं, मध्ये करंट लिमिटवालं बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज वाढवणारं) टाका. आणि प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज हवाच, कारण 38 अँपिअरला सप्लाय ट्रिप व्हायच्या आधी तुमची बारीक वायर लाल होऊन जळून गेलेली असेल.