संघटनारचनेचं काम: नोकरीत राहून की करारावर?

संस्थेत कोण कोणाच्या हाताखाली आणि कुठलं काम कुठल्या विभागात, हे ठरवण्याचं काम नोकरीत राहून करावं की करारावर? पैशाचा हिशेब आधी उरकून टाकू, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे कामाचे दिवस 260. त्यातून सुट्ट्या, आजारपण, प्रस्ताव लिहिण्यात गेलेले दिवस आणि दोन करारांमधला रिकामा काळ वजा करा. बिल लावता येतील असे 150 उरले तरी समाधान माना. रोजचा दर काढताना पगाराला 260 ने भागलंत, तर नोकरी सोडून नुकसान विकत घेतलंत.

खरा फरक मात्र कामातच आहे. करारावरच्या माणसाला बोलावतात ते मुख्यतः आराखड्यासाठी: कोण कोणाच्या हाताखाली, मंजुरी कुठे, कुठली कामं एकत्र करायची. ‘ही एकच मंजुरी दोन विभाग देतात’ हे तो बैठकीत सरळ बोलू शकतो. नोकरीतल्याला ते जड जातं, पदांच्या त्याच तक्त्यात त्याचा स्वतःचा चौकोनही असतो ना!

पण आराखड्यानंतरचं सगळं नोकरीतल्याच्याच वाट्याला येतं. व्यवस्थापन सल्लागार व्ही. ए. ग्रेक्युनास यांनी 1933 मध्ये एक गणित मांडलं होतं: हाताखाली 4 जण असतील तर साहेबाला सांभाळावे लागणारे संभाव्य संबंध (एकेकट्याशी, गटांशी आणि त्यांचे आपापसांतले) 44, 5 झाले की 100, 6 झाले की 222. गणित ढोबळ आहे, पण ‘एक थर कमी करू’ म्हणताना आठवावं असं, कारण मधला थर गेला की वरच्या साहेबाच्या हाताखालची माणसं वाढतात. स्लाइडवर चौकोन सरकवायला दोन सेकंद लागतात. 44 चे 100 झाल्याची कुरकुर वर्षभर ऐकायची ती आतल्याने. मी करारावर केलेल्या एका कामात तक्त्याच्या अकराव्या आवृत्तीतही एक चौकोन बिननावाचा होता. ‘नाव आत्ता नको,’ असा वरून निरोप. माझा करार संपला तेव्हाही तो रिकामाच होता. तिथे पुढे कोण बसलं, मला आजही माहीत नाही.

हे न कळणं तुम्हाला चालणार असेल तर करार घ्या. झोप उडणार असेल तर नोकरी बरी.

करारच घेणार असाल तर ठोक रकमेपेक्षा रोजाचा दर मला बरा वाटतो. मध्येच प्रमुख बदलला की कामाची व्याप्तीही बदलते. ठोक रक्कमच ठरली तर मुलाखती किती आणि तक्त्याच्या आवृत्त्या किती, हे आकड्यात लिहून घ्या. आणि एक ओळ आवर्जून घाला: नवी रचना लागू झाल्यावर 90 दिवसांनी 5 दिवसांची फेरतपासणी, वेगळ्या बिलावर.