१९६६च्या सेस्नाला ईडीएम-७००: लातूरच्या उन्हातला अनुभव

माझं सेस्ना १७२ हे छोटं विमान १९६६ सालचं. नाकात कॉन्टिनेन्टल ओ-३००, सहा सिलिंडर, १४५ हॉर्सपॉवर. जुन्या पॅनेलवर ऑइलचं तापमान आणि दाब एवढंच दिसायचं. कोणतं सिलिंडर तापतंय ते कळायला मार्गच नव्हता. म्हणून जेपीआय कंपनीचा ईडीएम-७०० हा इंजिन मॉनिटर बसवला. सव्वादोन इंचाच्या भोकात मावतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या हेडचं, एक्झॉस्टचं तापमान वेगळं दाखवतो.

लातूरचा मे ज्यानं सोसलाय त्याला याची किंमत कळेल. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. पारा ४०ला टेकला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. चढ लांबतो, वेग कमी, इंजिनाला वारा कमी. मॉनिटरवर मागच्या एका सिलिंडरची तापमानाची पट्टी वर सरकताना दिसली की मी नाक जरा खाली घेतो, वेग वाढवतो, आकडा उतरतो. आधी हे सगळं अंदाजावर चालायचं, आणि त्याची मला खरंच भीती वाटायची.

तक्रार आहे ती बसवणाऱ्याबद्दल. तापमान मोजणाऱ्या एका प्रोबची वायर त्यानं एक्झॉस्टला खेटून बांधली होती. महिन्यात आवरण जळालं, आकडे उड्या मारायला लागले. विमान ताब्यात घेण्याआधी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायला लावा, प्रत्येक वायर हातानं बघा. एसटीसीची, म्हणजे विमानात असा बदल करायच्या मंजुरीची, प्रतही तेव्हाच मागून घ्या. मूळचे गेज मात्र काढू नका, हा त्यांच्या जोडीलाच बसतो.

आता लेक शेजारी बसते आणि चढताना सगळ्यात गरम सिलिंडरचा आकडा मला वाचून दाखवते.