दहाची नोट की दहाचं नाणं?
बेस्टचं कमीत कमी तिकीट २०२५ पासून १० रुपये झालंय ना, तेव्हापासून माझ्या पाकिटात दहाची नोट आणि नाणं दोन्ही असतात, पण खरं सांगू, मला नाणंच बरं वाटतं. ७.७१ ग्रॅमचं आहे, आठदहा जमले की खिसा लोंबतो, मान्य. पण जून-जुलैत भिजलं तरी काय फरक पडतो? नोट मात्र चॉकलेटी रंगाची, मागे कोणार्कचं चाक, नवी असताना झकास, आणि महिनाभर मच्छीबाजारात फिरली की नुसती चिंधी, वर तो वास!

नाण्याची एकच कटकट, काही दुकानदार "हे चालत नाय" म्हणून परत करतात. अरे, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही डिझाइन चालतात. आणि सालाखाली हिऱ्याची बारीक खूण दिसली तर ते आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतलं, हे मी उगाच प्रत्येकाला दाखवत बसतो.

लग्नाच्या पाकिटात किंवा हारात मात्र नोटच लागते, तिथे नाणं काय कामाचं.